निवृत्तीच्या तारखेवरून माणसं वाटू नका

खेड्यांतून नोकरीला आलेल्या आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून आहे. आईला पेरणीचे दिवस आठवत, तारीख आठवत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली आणि तीच पुढे सर्व्हिस बुकात गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला केंद्रीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून हे सगळे 31 मे रोजी हार-नारळ घेऊन घरी आले. मीही त्यांतलाच. डाक खात्यात सारी हयात गेली, पण ती तारीख कधी मनाला लागली नाही. मार्च 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेला एक कायदा वाचल्यापासून मात्र ती मनातून जात नाही.

हा कायदा पेन्शनचा कायदा म्हणून आलेलाच नाही. वित्त अधिनियम 2025 मध्ये, करांच्या तरतुदींसोबत, केंद्रीय नागरी सेवा (पेन्शन) नियमांना वैधता देणारा एक भाग आहे. केंद्र सरकारला पेन्शनरांचे वर्ग पाडण्याचा अधिकार आहे, आणि तो पहिल्यापासूनच होता असं मानलं जाईल, असं त्यात म्हटलं आहे. वर्ग कशावरून पाडायचे? निवृत्तीच्या तारखेवरून, किंवा वेतन आयोगाची शिफारस ज्या दिवसापासून लागू झाली त्या दिवसावरून. अंमल थेट 1 जून 1972 पर्यंत मागे नेला आहे. न्यायालयांचे आजवरचे निकालही याच्या आड येणार नाहीत, अशी तजवीज आहे.

जे निकाल बाजूला सारले जाणार, त्यांत सगळ्यांत मोठा निकाल आहे डी. एस. नकारा यांच्या खटल्याचा.

नकारा संरक्षण मंत्रालयाशी संबंधित वित्तीय सल्लागार होते, 1972 साली निवृत्त झाले. सरकारने 1979 मध्ये पेन्शनचं सूत्र उदार केलं, पण 31 मार्च 1979 पासून पुढे निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केलं. आदल्या दिवशी घरी गेलेला जुन्या हिशेबात अडकला, दुसऱ्या दिवशी गेलेला नव्या हिशेबात बसला. हुद्दा तोच, सेवेची वर्षं तितकीच, भाजी आणायचा बाजारही एकच. नकारा सर्वोच्च न्यायालयात गेले. एच. डी. शौरी यांनी स्थापन केलेली ‘कॉमन कॉज’ ही संस्था त्यांच्यासोबत याचिकाकर्ती होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी ती तारखेची अट घटनेच्या चौदाव्या कलमाविरुद्ध ठरवून काढून टाकली. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून मिळालेला तो हक्क आहे, हे तिथे ठामपणे सांगितलं गेलं. त्या पीठाचे प्रमुख होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, आणि मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले न्यायमूर्ती तुळजापूरकरही त्यात होते. याच निकालामुळे 17 डिसेंबरला आपण पेन्शनर्स डे पाळतो.

या निकालाने सगळ्यांना सगळं मिळालं, असं मी म्हणणार नाही. पुढच्या निकालांत न्यायालयानेच त्याच्या मर्यादा आखल्या. तरीही सरकारने अन्याय केला तर दाद मागायला पायाखाली जमीन होती. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी 2006 पूर्वीच्या निवृत्तांची पेन्शन कमी धरली गेली. ते लढले, प्रशासकीय न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयात जिंकले, आणि 30 जुलै 2015 च्या आदेशाने त्यांना 1 जानेवारी 2006 पासूनचा फरक मिळाला. साडेनऊ वर्षं लागली. तेवढ्या काळात किती पेन्शन आदेशांवर (पीपीओंवर) नवऱ्याच्या जागी बायकोचं नाव चढलं असेल, याचा विचार करा. आता तीच जमीन काढून घेतली जाते आहे.

सरकारचं म्हणणं असं की, हे केवळ असलेल्या नियमांवर शिक्कामोर्तब आहे, कुणाची चालू पेन्शन यामुळे बदलत नाही. अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत तसं सांगितलं. त्या शब्दांवर मला शंका घ्यायची नाही. पण आश्वासन भाषणात आहे आणि अधिकार कायद्यात. सातव्या आयोगाच्या वेळी जुन्या-नव्या निवृत्तांना एका पातळीवर आणलं गेलं, तेच धोरण पुढे चालवायचं असेल तर तारखेवरून भेद करण्याचा अधिकार हाताशी कशाला हवा?

प्रश्न आजचा आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग बसला आहे आणि अहवालासाठी त्याला 18 महिने दिले आहेत. समजा, शिफारशी 1 जानेवारी 2026 पासून लागू झाल्या. एकाच टेबलावर काम केलेले दोघे घ्या. एकाचा जन्म 1 जानेवारी 1966 चा, दुसऱ्याचा 2 जानेवारीचा. पहिला 31 डिसेंबर 2025 ला निवृत्त झाला, दुसरा 31 जानेवारी 2026 ला. जन्मात एका दिवसाचं अंतर, सेवेत एका महिन्याचं. या दोघांना मरेपर्यंत, आणि त्यांच्यामागे त्यांच्या बायकांना, वेगळ्या मापाने मोजण्याची मुभा हा कायदा देतो. मग माझे 1 जूनवाले मित्र आठवतात. त्यांतल्या कुणाचा जन्म खरंतर पुढच्या थंडीतला असेल. माणसाचं म्हातारपण गुरुजींच्या टाकाने ठरणार का?

तिजोरीवर भार पडतो, हेही खरं. पण आम्ही भरती झालो तेव्हा हातात पगार थोडा पडायचा, आणि उरलेलं म्हातारपणी मिळेल या भरवशावर आम्ही बाहेरच्या नोकऱ्या सोडल्या. राखून ठेवलेला पगार मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

सेवेत असलेल्यांनो, हे म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं म्हणून पान उलटू नका. तारीख काय करते ते तुम्ही आमच्याहून जास्त भोगलं आहे. केंद्रात 1 जानेवारी 2004, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005: या दोन तारखांनी जुनी पेन्शन असलेले आणि नसलेले अशा एका कचेरीत दोन जाती केल्या. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते याच जखमेपायी. 1 नोव्हेंबर 2005 आधी नेमणूक होऊनही शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, म्हणून जुन्या पेन्शनबाहेर राहिलेले शिक्षक अजून दारं ठोठावत आहेत. राज्य सरकार वेतन आयोग केंद्राच्या मागोमाग स्वीकारतं, तेव्हा वर्ग पाडण्याची ही रीतही मागोमाग यायला वेळ लागणार नाही.

मागणी एकच आहे. निवृत्तीच्या तारखेवरून भेद करण्याची मुभा देणारी ती तरतूद कायद्यातून वगळावी. कायदा संसदेने केला, संसदच तो बदलू शकते, म्हणून आपल्याला खासदार गाठावे लागतील. खडकी-देहूरोडच्या आयुध निर्माणीतले, भुसावळ-कुर्डुवाडीचे रेल्वेवाले, पोस्टातले, लेखा कार्यालयातले, सगळ्यांनी आपापल्या खासदाराच्या कार्यालयात एकदा तरी जावं. एकटं जाऊ नये, दहा जणांनी जावं. त्यांत कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बायका असाव्यात. आपल्या सभांना त्यांना क्वचितच बोलावलं जातं, आणि सगळ्यांत लहान रक्कम त्यांच्याच पासबुकात असते. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लागते, तिथे खासदाराला द्यायच्या अर्जाचा कागद घेऊन बसा. ज्यांचे अंगठे मशीन ओळखत नाही, त्यांनी अर्जावर शाईचा अंगठा उठवावा.

ज्यांना जाणं जमत नाही, त्यांनी साधं पत्र लिहावं. त्यात नाव, खातं, सेवेची वर्षं आणि निवृत्तीची तारीख लिहा. खाली विचारा, ‘माझ्यानंतर महिन्याभराने याच खुर्चीवरून उठलेल्या माणसापेक्षा माझी सेवा कमी कशी?’ खासदाराकडून लेखी उत्तर मागा. पत्र स्पीड पोस्टाने टाका आणि पावती पीपीओच्या फाईलमध्ये लावून ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर त्या पावतीची झेरॉक्स जोडून दुसरं पत्र पाठवा.