घरगुती यंत्रें : जुन्या मॉनिटरचे रंग कां बिघडतात ?

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर तें टाकून देतो, नाहीं तर अविचारानें उघडून बसतो. पहिल्यांत पैशाचें नुकसान आहे व दुसऱ्यांत प्रसंगीं जिवाचें. या महिन्यांत आम्हीं जो विषय हातीं घेतला आहे त्यांत हीं दोन्ही नुकसानें अगदीं शेजारीं शेजारीं उभीं असतात; म्हणून तो जरा विस्तारानें मांडीत आहों.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या ज्या घरीं संगणक होता, त्या त्या घरीं पाठीमागें मोठी ढेरी असलेला, काचेच्या जड नळीचा मॉनिटरहि होताच. पुढें सपाट पडदे आले आणि हीं धुडें माळ्यावर गेलीं. आतां तीं पुनः खालीं उतरत आहेत. ज्या मुलांनीं त्या काळीं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) किंवा ‘डूम’ (१९९३) हे खेळ खेळले, तीं मुलें आज आईबाप झालीं आहेत, आणि आपल्या लेंकरांस ते खेळ मूळ स्वरूपांत दाखवावे अशी हौस त्यांस वाटते. ही हौस केवळ आठवणींची नव्हे. त्या खेळांचीं चित्रें पुष्कळदां ३२० आडव्या व २०० उभ्या ठिपक्यांचीं असत. नळीचा पडदा तीं जशींच्या तशीं रेखतो. सपाट पडद्यास तीं ताणून बसवावीं लागतात व त्यांत तीं पुसट होतात. शिवाय नळीच्या पडद्यावर कळ दाबतांच चित्र हालतें, आणि बंदूक रोखून बदकें टिपण्याचा जुना खेळ तर नळीच्या पडद्यावांचून चालतच नाहीं.

या नळीचा मूळ शोध कार्ल फर्डिनंड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं लावला. छिद्रें असलेल्या पत्र्याच्या साहाय्यानें रंगीत चित्र दाखविण्याची युक्ति अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें १९५० सालीं प्रगट केली. आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडासामन्यांच्या निमित्तानें आली. महाराष्ट्राचा या धंद्याशीं चांगलाच संबंध होता. औरंगाबादजवळ चितेगांव येथें कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीनें २००५ सालीं फ्रान्समधील थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा सारा जागतिक धंदा विकत घेतला होता. परंतु सपाट पडद्यांच्या लाटेंत तो धंदा टिकला नाहीं. घरगुती मॉनिटरसाठीं नवी ट्यूब मिळणें आज जवळजवळ अशक्य आहे. अर्थात् चांगली ट्यूब चुकीच्या निदानानें भंगारांत गेली, तर ती कायमची गेली.

आतां रंग कसा उत्पन्न होतो तें पाहूं. ट्यूबच्या मानेंत तीन बंदुका असतात व त्यांतून विद्युत्कणांचे तीन झोत निघतात. त्या झोतांस स्वतःचा कांहींच रंग नसतो. पडद्याच्या आंतल्या अंगास तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे बारीक ठिपके किंवा पट्ट्या असतात, आणि त्यांच्या मागें छिद्रांचा पत्रा असतो. ज्या झोतानें ज्या ठिपक्यांवर पडावें त्याच ठिपक्यांवर तो पडतो, ही त्या पत्र्याची व्यवस्था. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चित्रकलेच्या तासाला मुलें शिकतात तें रंगांचें मिश्रण निराळें आणि प्रकाशाचें निराळें. प्रकाशांत तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो आणि तिन्ही मिळून पांढरा होतो.

एवढ्या ज्ञानावर एक फार उपयोगी कोष्टक तयार होतें. पडद्यावर पांढरें पान आणावें. तें पिवळें दिसलें तर निळा रंग नाहींसा झाला आहे. राणी रंगाचें दिसलें तर हिरवा गेला आहे. आकाशी-हिरवट दिसलें तर तांबडा गेला आहे. जो रंग दिसतो त्याला दोष देऊं नये. जो दिसत नाहीं त्याचा शोध करावा.

मीरा रोडच्या पूर्वेस बेव्हर्ली पार्क म्हणून जी वसाहत आहे, तेथील एका एकत्र कुटुंबाचें उदाहरण या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. आजोबा, दोन मुलगे, सुना व तीन नातवंडें असा परिवार. थोरल्या मुलानें विद्यार्थिदशेंत स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून घेतलेला सतरा इंची मॉनिटर दिवाळीच्या साफसफाईंत खालीं आला. लावून पाहतात तों सगळें चित्र पिवळें. एका दुरुस्ती करणाऱ्यानें तो न उघडतांच सांगितलें, “ट्यूब गेली. भंगारांत द्या.” धाकट्या नातवानें तेवढ्यांत स्क्रू-ड्रायव्हर शोधून आणला होता, आजोबांनीं तो काढून घेतला. घरांत मग दोन पक्ष पडले. जागा अडते म्हणून तें धूड द्यावें असें एकाचें म्हणणें, तर थोरल्याचा त्यांत जीव गुंतलेला. प्रश्न आमच्याकडे आला.

आम्हीं त्यांस प्रथम एवढेंच विचारलें कीं, मॉनिटरची स्वतःची जी यादी पडद्यावर येते, ज्या यादींतून उजेड कमी-अधिक करतात, तिच्यांत निळा रंग दिसतो काय ? उत्तर आलें कीं, स्वच्छ दिसतो. ही परीक्षा साधी आहे, पण सगळ्या निदानाचा पाया आहे. ती यादी संगणकाकडून येत नाहीं. मॉनिटर ती आंतल्या आंत तयार करतो. तिच्यांत निळा दिसत असेल तर निळी बंदूक जिवंत आहे, तिला चालविणारें मंडळ शाबूत आहे, आणि दोष बाहेर, म्हणजे केबलींत किंवा संगणकांत आहे. यादीचाहि रंग बिघडलेला असेल तरच मॉनिटरवर संशय घ्यावा. केबल काढून ठेवल्यावर पुष्कळ मॉनिटर जी सूचना दाखवितात, तिच्यावरूनहि हीच परीक्षा होते.

१९८७ सालीं आय. बी. एम. कंपनीनें जी व्ही. जी. ए. पद्धति आणली, तिच्या प्लगांत पंधरा पिनांची जागा असते. पहिल्या पिनेवरून तांबडा, दुसरीवरून हिरवा व तिसरीवरून निळा रंग जातो. (नववी पिन पुष्कळ केबलींत मुळांतच नसते, ती तुटली असें समजूं नये.) बेव्हर्ली पार्कमधील त्या केबलीची तिसरी पिन वांकून आडवी झाली होती. संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करून बारीक चिमट्यानें ती हळूच सरळ केली, आणि पिवळेपणा गेला. खर्च कांहींच झाला नाहीं. ज्याला दुरुस्ती करणाऱ्यानें मृत ठरविलें होतें, त्या यंत्राची ट्यूब अगदीं धडधाकट होती.

परंतु पिवळेपणा गेल्यावर दुसरा दोष उघड झाला. उजव्या कोंपऱ्यांत जांभळट-हिरवट डाग होता. असा डाग, म्हणजे सगळ्या पडद्यावर नव्हे तर एका भागांत बिघडलेला रंग, बहुधा चुंबकत्वाचा असतो. झोत मार्गावरून किंचित् ढळतो व शेजारच्या ठिपक्यांवर पडतो. या घरीं मॉनिटरच्या उजवीकडे ध्वनिवर्धकाची मोठी पेटी चिकटून ठेवली होती, आणि तिच्यांत लोहचुंबक असतोच. पेटी दूर नेली. मग मॉनिटरच्या यादींतील ‘डीगॉस’ ही कळ दाबली. घुम्म असा आवाज झाला, चित्र क्षणभर थरथरलें व डाग पुसट झाला. वीस मिनिटांनीं पुनः केल्यावर तो गेला. ही कळ एकामागून एक दाबण्यांत अर्थ नसतो, कारण तिच्या मंडळांतील पोझिस्टर हा भाग थंड झाल्यावांचून पुनः काम करीत नाहीं. कळ दाबूनहि आवाजच होत नसेल तर तोच भाग बिघडला असण्याचा संभव आहे.

हे झोत किती नाजूक असतात याची कल्पना यावी म्हणून सांगतों. पृथ्वीचें चुंबकत्वहि त्यांस पुरतें. मॉनिटर पूर्वेकडून उत्तरेकडे वळविला तरी रंगांत सूक्ष्म फरक पडूं शकतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर त्यांच्या प्रवाहानें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें बिघडतील म्हणून तें काम १९०४ सालीं अलिबागेस नेलें. त्या वेळीं नानाभाई मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. जी काळजी त्या शास्त्रज्ञांनीं आपल्या उपकरणांची घेतली, तिचा थोडासा अंश आपण आपल्या मॉनिटरची घ्यावी. जागा बदलली कीं एकदां डीगॉस करावें, आणि लोहचुंबकाची खेळणीं पडद्यापासून दूर ठेवावीं.

यापुढील दोष मॉनिटरच्या पोटांतले आहेत. ते घरच्यांनीं ओळखावे, पण दुरुस्त करूं नयेत. एक रंग मधूनच जातो व मधूनच येतो, बाहेरून हलकी चापट मारतां परत येतो, असें झाल्यास मानेवरील पाटीवर ‘ड्राय सोल्डर’ झालें असावें. तें पुनः सोल्डर केल्यानें बहुधा जातें. सगळा पडदा एकाच रंगानें भगभगला व त्यावर तिरप्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बंदूक ताब्याबाहेर गेली आहे. तात्काळ बटण बंद करावें. पांढऱ्या अक्षरांस एका बाजूनें तांबडी व दुसऱ्या बाजूनें निळी किनार दिसली, तर तिन्ही झोत एका जागीं जुळत नाहींत असें समजावें. चालू केल्यावर एक रंग अर्ध्या तासानें हळूहळू भरतो व उजळ वस्तूंमागें त्याचें शेंपूट पसरतें, तेव्हां मात्र ट्यूब खरोखरच थकली आहे. ट्यूबला ‘बूस्ट’ देऊन कांहीं दिवस काढतां येतात. तारुण्य परत येत नाहीं.

दोन किरकोळ सूचना. चित्र नुसतें निळसर भासत असेल तर यादींत रंगाचें तापमान पहावें. ९३०० असेल तर ६५०० करावें. काळसर भागांतच छटा येत असेल तर त्या रंगाची ‘बायस’ मांडणी चुकली आहे, व उजळ भागांतच येत असेल तर ‘गेन’ मांडणी.

मीरा रोड व भाईंदर यांच्या भोंवतीं खाडी व मिठागरें आहेत. खाऱ्या व दमट हवेनें पिनांवर हिरवट गंज चढतो व आंतल्या उच्च दाबाच्या भागांतून सुरसुर आवाज येऊं लागतो. म्हणून माळ्यावरून काढलेला मॉनिटर पावसाळ्यांत लगेच चालू करूं नये. कांहीं दिवस कोरड्या खोलींत ठेवावा, बाहेरची धूळ पुसावी, मगच वीज द्यावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रंगीत ट्यूबला सुमारें २५,००० व्होल्ट इतका दाब लागतो. लोकलगाडीच्या डोक्यावरील तारेंत आज जितका दाब आहे तितकाच हा होय. मॉनिटर बंद केला, प्लग काढला, तरी ट्यूबमध्यें तो सांठून राहूं शकतो. शिवाय आंत निर्वात पोकळी असल्यामुळें काच फुटल्यास तुकडे वेगानें उडतात. तेव्हां मागचें झांकण घरांत कोणीहि काढूं नये. इंजिनियर झालेल्या मुलानेंहि काढूं नये. तें काम अनुभवी मेकॅनिकचें. लॅमिंग्टन रोडच्या बाजारांत किंवा जवळपास ट्यूबचीं कामें केलेला जुना माणूस शोधावा, आणि त्याला ‘रंग बिघडले’ एवढेंच न सांगतां चार ओळींची चिठ्ठी द्यावी : कोणता रंग जातो, सगळीकडे कीं कोंपऱ्यांत, यादींतहि जातो काय, आणि थंडपणीं कीं तापल्यावर. लक्षणें नीट सांगितलीं तर वैद्याचा वेळ वांचतो व रोग्याचा पैसा वांचतो. येथेंहि तोच न्याय आहे.

आणि ट्यूब खरोखरच संपली असेल तर मोह धरूं नये. तिच्या काचेंत शिसें असतें. रस्त्यावरच्या भंगारवाल्यास ती दिली तर तांब्यासाठीं ती फोडली जाते व तें विष त्याच्याच मुलाबाळांच्या वाट्यास येतें. २०२२ सालचे व १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत. त्यांप्रमाणें नोंदणी झालेल्या संस्थेकडेच ती सोंपवावी. मात्र तो निर्णय यादींतील निळा रंग पाहिल्यानंतरचा असावा, पाहण्यापूर्वींचा असूं नये.