ऑलिव्हर सुटला, डिक मेला

चार्ल्स डिकन्स म्हणजे गरिबांचा कैवारी, हे इंग्रजी साहित्याच्या वर्गात इतकं घोकून घेतलं जातं की पुस्तक उघडून पाहायची कुणाला गरजच वाटत नाही. माझं म्हणणं, उघडा. १८३४च्या कायद्याने गरिबांना बजावलं, मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या. तिथे नवरा-बायकोची ताटातूट आणि पोटाला पातळ पेज. या निर्दयपणाचं पितळ ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ने उघडं पाडलं, हे श्रेय डिकन्सचंच. पण ऑलिव्हर सुटतो कसा? तो मुळात चांगल्या घरचा निघतो, बापाच्या इस्टेटीचा वाटेकरी ठरतो. आणि डिक? फाटकावर चढून, ऑलिव्हरच्या गळ्यात हात टाकून त्याला आशीर्वाद देणारं ते खंगलेलं पोर? ऑलिव्हर त्याच्यासाठी परत येतो तेव्हा ते मेलेलं असतं. वर्कहाऊस मात्र चालूच राहतं. वर्कहाऊसचा कारभारी बंबल याला त्यातच ढकललं की लेखकाच्या मते न्याय झाला.

याला मी दया म्हणेन, न्याय म्हणणार नाही. दया दाखवणाऱ्याला गरीब माणूस हात जोडून उभा असलेलाच आवडतो. तो संघटना करून हक्क मागू लागला की बिनसतं.

डिकन्सचंही तिथेच बिनसलं. लँकेशायरमधल्या प्रेस्टनला कापलेली दहा टक्के मजुरी परत मागणाऱ्या गिरणी कामगारांना मालकांनी टाळं लावून बाहेर काढलं होतं. १८५४च्या जानेवारीत डिकन्स स्वतः तिथे गेला. कामगारांची सभा शिस्तीत चाललेली त्याने पाहिली, भडक बोलणाऱ्याला अध्यक्षानेच गप्प बसवलं हेही पाहिलं आणि आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये छापलं. काही महिन्यांत त्याच साप्ताहिकात ‘हार्ड टाइम्स’ आली. तिच्यात तसलाच तोंडाळ स्लॅकब्रिज सभा गाजवतो आणि कामगार मेंढरांसारखे त्याच्यामागे जातात. संघटनेत न जाणारा स्टीफन तेवढा सज्जन, तोही पडक्या खाणीत पडून मरतो. डोळ्यांनी पाहिलेलं कादंबरीत उलटं लिहिणं ही लबाडी आहे, आणि लेखक थोर म्हणून ती मी पोटात घालणार नाही.

तो काळच तसा होता, ही सबब तर सांगूच नका. ‘हार्ड टाइम्स’ संपली आणि त्याच साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केलची ‘नॉर्थ अँड साउथ’ सुरू झाली. तिचा निकोलस हिगिन्स संघटनेचा कट्टर माणूस आहे. तो चुकतो, दारू पितो, मुलीच्या मरणाने खचतो. तरीही मालकासमोर ताठ उभा राहून आपली बाजू मांडतो आणि मालकाला ती ऐकावी लागते.