पंख्याच्या खुणा

जानेवारीत आम्ही दोघं अब्बांना घेऊन धाकट्या भावाकडे फ्लोरिडाला होतो. फ्लोरिडा म्हणजे उकाडा, असं धरून स्वेटर दापोलीलाच ठेवून गेलो होतो. एका रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरला, तसा भाऊ खूश. "उद्या जायचंच. थंडी कडक पडली की मॅनाटी हमखास दिसतात."

फजरनंतर लगेच निघालो. ऑरेंज सिटीजवळचं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आठला उघडतं, पण फाटकाबाहेर आधीच गाड्यांची रांग. आत जागा भरली की फाटक बंद करतात आणि मागच्यांना परत पाठवतात. आमची गाडी कशीबशी आत गेली.

मॅनाटी म्हणजे म्हशीहूनही थोराड, गवत खाणारा पाण्यातला प्राणी. लांबी दहा फूट, वजन साडेचारशे किलोच्या पुढेही. नातं हत्तीशी. एवढं अंग असूनही त्याला थंडी सोसत नाही. पाणी वीस अंशांखाली गेलं की तो आजारी पडतो. म्हणून सेंट जॉन्स नदी गारठली की हे सगळे झऱ्यात शिरतात. झऱ्याचं पाणी बारा महिने बावीस अंश, आपल्या विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट लागतं ना, तसंच. भूक लागली की नदीत जातात, चरून परत येतात.

लाकडी पुलावरून खाली पाहिलं तर तळाशी राखाडी धोंडे पडलेले. मग एक धोंडा हळूच वर आला, फुस्स करून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेला. पुलावर एवढी माणसं, पण सगळी दबक्या आवाजात बोलत होती. सकाळी छोट्या होडीतून फिरून त्यांची मोजणी करतात. १९७०च्या सुमारास इथे जेमतेम चौदा मोजले होते. १९७२ मध्ये सरकारने जागा विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी ९३२ मोजले गेले. सगळंच मात्र ठीक नाही. २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेच्या वर मॅनाटी मेले. दूषित पाण्याने समुद्री गवत मेलं, त्यामुळे बरेच उपाशी मेले.

एक मादी पिलाला घेऊन आमच्या अगदी खाली आली. तिच्या पाठीवर पांढऱ्या रेघा होत्या, एकसारख्या अंतरावर. आम्हाला वाटलं, कातडीच तशी असेल.

"पंख्याचं आहे ते," अब्बा म्हणाले.

अब्बांनी तीस वर्षं हर्णैहून ट्रॉलर चालवला. बोटीचा पंखा काय करतो ते त्यांना कुणी सांगायला नको. शेजारच्या स्वयंसेवक बाईंनी सांगितलं, अशा जखमांच्या खुणांवरूनच इथे एकेक मॅनाटी ओळखतात. अब्बा बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "एकदा गादा आला होता माझ्या पंख्यात. तुमच्या अम्मीला सांगितलं नव्हतं."

आम्हीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. काय बोलावं सुचेना. पिलू आईच्या पोटाखाली शिरलं, तिकडेच पाहत राहिलो.

भावाने महिन्यापूर्वी जुनी मोटरबोट घेतली होती. रविवारी सगळ्यांना नदीत फिरवून आणायचा त्याचा बेत होता. परतीच्या वाटेवर अब्बांनी विचारलं, "तुझ्या बोटीचा पंखा केवढा?" भावाला नीट सांगता येईना. "आणि हळू कुठे चालवायची, त्याचा नकाशा आहे?"

नव्हता. रात्री दस्तरखान उचलल्यावर दोघं बापलेक फोनवर तो शोधत बसले.