दवाखान्याच्या पिशवीत साबण हवाच

मैत्रिणींनो, या खेपेला श्रीगोंद्याच्या एका भगिनीचं पत्र घेते. त्यांच्या सासूबाई कर्करोगाच्या उपचारासाठी तीन आठवडे पुण्याच्या रुग्णालयात आहेत. आता दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब होताहेत. जाऊबाई म्हणतात, डब्यातलंच काही बाधलं. "माझ्या हातून काही कमीजास्त झालं का?" असं या भगिनी विचारतात.

भगिनी, आधी मनातली टोचणी काढा. जुलाबाचं कारण डबाच असेल असं नाही. केमोच्या औषधांनीही जुलाब होतात. शिवाय रुग्णालयात मुक्काम असलेल्यांना गाठणारा एक जंतू आहे. नाव लांबलचक, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल. डॉक्टर 'सी डिफ' म्हणतात. १९३५ साली तो प्रथम तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला. अँटिबायोटिक घेतल्यावर काहींच्या आतड्याला येणारी गंभीर सूज त्याच्यामुळे असते, हे १९७८ च्या सुमारास कळलं.

वावरात पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही ना, तसंच आतड्याचं. तिथे उपयोगी जंतू दाटीने नांदत असतात. अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर तेही मरतात आणि सी डिफचं फावतं. सर्वांत मोठा धोका हाच. केमोने पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप येतो, मग अँटिबायोटिक द्यावंच लागतं. त्यात वय ६५ च्या पुढे, मुक्काम लांबलेला, आम्लपित्ताच्या गोळ्या चालू, किंवा हाच आजार पूर्वी झालेला असला, तर धोका आणखी वाढतो.

मग उशाशी बसणाऱ्या बाईने काय करावं?

पहिलं म्हणजे साबण. हा जंतू टणक कवचाच्या बीजासारखा होऊन खाटेच्या कडेवर, नळावर महिनोन् महिने टिकतो. सॅनिटायझरने ते बीज मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले की ते धुऊन जातं. बेडपॅन उचलल्यावर, संडासहून आल्यावर, डबा उघडण्यापूर्वी हात धुवायचेच. सासूबाईंचेही धुवा बरं का!

दुसरं, चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली, तर लगेच नर्सला सांगा. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका. जंतूचं विष आतच राहण्याची भीती असते. ताप, पोट फुगणं, शीत रक्त, यांपैकी काही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका.

तिसरं, घरून आणलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. पाकिटावर उभी लाल रेघ असली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उरलेलं अँटिबायोटिक पुन्हा काढू नका. मात्र डॉक्टरांनी चालू केलेलं स्वतःहून बंदही करू नका.

चौथं, दही-ताक. पांढऱ्या पेशी कमी असताना ते द्यावं की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

आपल्या जिल्ह्यातून कितीतरी जणी मुंबईच्या टाटा रुग्णालयातही जातात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. पिशवीत साबणाची वडी आणि वेगळा टॉवेल ठेवा. रुग्णाचे खराब कपडे निराळे, गरम पाण्यात धुवा.

तर भगिनी, उद्या डॉक्टरांना सरळ विचारा, "शी तपासायची का?" सी डिफ निघाला तर त्याच्यावर पोटातून देण्याची औषधं आहेत. पण पाचांतल्या साधारण एकाला तो काही आठवड्यांत पुन्हा होतो. म्हणून सासूबाई घरी आल्यावरही दोन महिने लक्ष ठेवा. आणि हो, डबा निर्धास्तपणे नेत जा. फक्त ताजा, गरम आणि झाकलेला!