वाळीत देव टाकत नाही

गोंदिया जिल्ह्यातल्या बंधू-भगिनींनो,

मंडईचे दिवस आहेत. गर्दीत हे पत्रक हातात पडलं तर घडी करून खिशात घाला आणि घरी जाऊन वाचा. चारचौघांत वाचायची अडचण वाटत असेल तर एकट्याने वाचा. ती अडचण का वाटते, तेवढंच सांगायला हे पत्रक काढलं आहे.

सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत गावोगाव पंथ आहेत, बैठका आहेत, दरबार आहेत, जातीच्या पंचायती आहेत. आम्ही कुणाचंही नाव घेणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे खूश होतात. ज्याला लागू आहे त्याला कळेल.

आधी त्यांच्या पदरात त्यांचं माप टाकतो. बैठकीला जायला लागल्यावर माणसाची दारू सुटते, सट्टा सुटतो, घरात बाईला होणारी मारहाण थांबते. हे आम्ही आपल्याच गावांत पाहिलं आहे. सरकारी खात्यांना जे जमलं नाही ते काही ठिकाणी बैठकीने केलं, हे नाकारण्यात शहाणपण नाही. म्हणूनच तर चांगली माणसं आत जातात.

पण आत जाताना कबूल केलेले नियम एकदा नीट बघा. दुसऱ्याचा प्रसाद खायचा नाही. भावाच्या घरच्या सत्यनारायणाला जायचं नाही, काकाच्या तेरवीला जेवायचं नाही, मामाकडच्या जवाऱ्यांना हात जोडायचे नाहीत. एकेक नियम ऐकायला लहान वाटतो. दोन-चार वर्षं पाळल्यावर काय होतं? भाऊ बोलावणं सोडतो. काकू म्हणते, ते कुठे येणार आहेत. मामाच्या पोराच्या लग्नाची पत्रिका येते, पण पोस्टाने. मग उरतात ते फक्त आतले लोक. पोरीला स्थळ आतलं, रोवणीला बाया आतल्या, अडीनडीला पाच हजार उसने देणारा आतला. आणि एखाद्या दिवशी वर्गणीचा हिशोब विचारावासा वाटला, किंवा पोराने बाहेरची मुलगी पसंत केली, की वरून एक वाक्य येतं: ‘यांच्याशी कुणी बोलायचं नाही.’

आधी बाहेरचे दोर कापून घ्यायचे आणि मग आतला दोर कापायची धमकी द्यायची, अशी ही रीत आहे. देवाचा कोप फक्त तोंडी लावायला असतो.

कोपाच्या गोष्टी मात्र दर आठवड्याला सांगितल्या जातात. अमक्याने मार्ग सोडला, त्याचा बैल मेला. तमकीने नियम मोडला, पोराचा ताप उतरेना. या यादीत तुमच्या ओळखीचं एखादं घर असतंच, म्हणून अंगावर काटा येतो. दुसरी यादी कुणी करत नाही, ती तुम्ही करा: सगळे नियम पाळून कुणाकुणाचे बैल मेले? धानावर तुडतुडा येतो तेव्हा तो भक्ताची बांधी सोडून शेजाऱ्याच्या बांधीत उतरतो काय? आतल्याच्या घरी दुःख आलं की ती परीक्षा, आणि सोडून गेलेल्याच्या घरी आलं की ती शिक्षा. निकाल आधीच लिहून ठेवला असेल तर साक्षीदाराची गरज काय?

याहून वाईट प्रकार म्हणजे सर्वांसमोर दिलेली कबुली. बैठकीत माणूस मन मोकळं करतो, आपल्या चुका सांगतो, घरातलं सांगतो. बोलून हलकं वाटतं, हे खरं आहे. पण तो सोडून निघाला की त्याच चुका गावभर होतात.

हे आडगावच्या अडाण्यांचं काम आहे, असं गोंदिया शहरात बसून म्हणणाऱ्यांना पुण्याची गोष्ट सांगू. १८९० सालच्या ऑक्टोबरात पंच हौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा, म्हणजे धर्म बुडाला! सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली, चौकशी बसली, ग्रामण्य उभं राहिलं. ग्रामण्य म्हणजे श्राद्धाला ब्राह्मण मिळायचा नाही, घरातली लग्नं अडायची, सोयरे दार बंद करायचे. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींवरून दिसतं की मित्रांची घरं अडचणीत आली म्हणून घेतलं. रानडे काही नरकाला भ्यायले नव्हते. एवढा विद्वान, एवढा मोठा न्यायाधीश, तोही शेवटी सोयऱ्याधायऱ्यांच्या कोंडीपुढे वाकला. मग दीड एकर धानाचा मालक वाकला तर त्याला भित्रा म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

सगळ्या धर्मांत हे हत्यार सारखंच आहे. ॲमस्टरडॅमच्या यहुदी पंचांनी १६५६ साली तेवीस वर्षांच्या तत्त्वज्ञ स्पिनोझाला बहिष्कृत केलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचं नाही, त्याचं लिहिलेलं वाचायचं नाही. मुंबईत दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूने ‘बरात’ घोषित केली की माणसाच्या घरचे त्याच्यापासून तुटतात, आणि मेल्यावर समाजाच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. वयात येताना प्रत्येकाकडून धर्मगुरूशी निष्ठेची शपथ घेतली जाते, ती वेगळी. असगर अली इंजिनिअर आणि त्यांच्या सुधारक साथीदारांनी याविरुद्ध जन्मभर झगडा केला.

मुंबई राज्याने १९४९ साली अशा बहिष्कारावर बंदी घालणारा कायदा केला होता. आपला भाग तेव्हा मुंबई राज्यात नव्हता, १९५६ साली आला. आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. पंथाने आपल्या माणसाला बाहेर काढणं हा त्याचा धार्मिक अधिकार आहे, असं बहुमत म्हणालं. विरोधात लिहिणारे एकटे होते, ते सरन्यायाधीश सिन्हा. आमच्या मते बरोबर तेच होते. श्रद्धा सांभाळायला माणसाचं कब्रस्तान अडवावं लागत असेल तर ती श्रद्धा नसून मालकी आहे. हा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला.

महाराष्ट्र मात्र थांबला नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान सुरू केलं. थोड्याच दिवसांत, २० ऑगस्टला, समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. अभियान चालू राहिलं. रायगडच्या किनाऱ्यावरून बहिष्काराच्या तक्रारींवर तक्रारी आल्या. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला.

या कायद्यात काय आहे ते ध्यानात ठेवा, कारण तुमच्या पंचांना ते ठाऊक असो-नसो, तुम्हाला ठाऊक हवं. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम न्यायालय पीडिताला देऊ शकतं. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक भरणार असल्याचं कळलं तर ती थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. मुख्य म्हणजे हा कायदा जातीपुरता नाही. जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एकत्र आलेला कोणताही समूह त्यात येतो. म्हणजे पंथही आला, बैठकही आली. लग्नाला, मयतीला, पूजेला अडवणं, बोलणं तोडायला लावणं, देणं-घेणं बंद पाडणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे.

दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही असाच वाचण्यासारखा आहे. अंगात शक्ती आली असं सांगून लोकांच्या मनात भीती घालणं, ‘माझं ऐकलं नाही तर वाईट होईल’ अशी धमकी देणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, हाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

ते म्हणतील, हा धर्मावर हल्ला आहे. मग त्यांना इतकंच विचारा: सोडून जाणाऱ्याला सुखाने जाऊ दिलं तर तुमच्याकडे किती जण राहतील? ज्यांना खात्री आहे त्यांनी दार उघडं ठेवून दाखवावं. या जिल्ह्यात दार उघडं ठेवणारी मंडळंही आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही.

आता तुमच्याकडे मागणं. ज्याच्यावर बहिष्कार आहे त्याला केवळ कायदा पुरत नाही. ठाण्यात जायलासुद्धा सोबत लागते, आणि सोबत जायला नेमकं कुणी उरलेलं नसतं. म्हणून तुमच्या गावात असं घर असेल तर त्यांच्या पोरीच्या हळदीला जा. त्यांच्या रोवणीला एक दिवस द्या. त्यांच्या मयतीला खांदा द्या. तुम्ही स्वतः आत असाल आणि सोडायची हिंमत होत नसेल तर निदान तुटलेल्या भावाला फोन करा, ओळख पुन्हा बांधा. एकदा बाहेर चार माणसं तयार झाली की आतल्या धमकीची धार जाते. ग्रामसभेत हा विषय मांडा. दमदाटी झाली तर ११२ वर फोन करा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर गोंदियाच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

वाचून झाल्यावर हे पत्रक फाडू नका. ज्या घरी सध्या कुणी जात नाही, त्या घरी स्वतः जाऊन द्या, आणि त्यांनी विचारलं तर चहा घेऊनच परत या.

आपले,
गोंदिया जिल्ह्यातील काही नागरिक