पेपर तपासू नका, मॅच बघा

आमचे माहेर दौंडचे आणि सासर व शाळा शिरूरची. दौंडच्या घरात दोनच वेळापत्रके चालायची, एक रेल्वेचे आणि दुसरे क्रिकेटचे. सिनेमाचे वेड शिरूरला आल्यावर लागले, कारण इथे मॅच नसली की टीव्हीवर सिनेमा असतो आणि तोही बहुतेक वेळा खेळावरचाच. २०२५ साल या दोन्ही बाबतीत भरगच्च गेले. म्हणून या महिन्यात अभ्यास, निकाल, संस्कार थोडे बाजूला ठेवू आणि खेळाच्या गप्पा मारू.

सुरुवात सिराजपासून. १४ जुलैला लॉर्ड्स कसोटीत भारत २२ धावांनी हरला. शेवटचा बळी मोहम्मद सिराजचा. चेंडू त्याने बॅटने अडवला होता, पण तो घरंगळत मागे गेला आणि स्टंपला लागला. पुढे ओव्हल कसोटीत त्याने हॅरी ब्रूकचा झेल घेतला, पण पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. ब्रूक तेव्हा १९ वर होता, त्याने पुढे १११ केल्या. एवढे झाल्यावर भल्याभल्यांचा धीर सुटतो. ४ ऑगस्टच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार गडी बाकी होते. त्यातले तीन सिराजने घेतले, शेवटचा तर यॉर्करवर त्रिफळाचीत. भारत ६ धावांनी जिंकला. पाचही कसोट्या खेळून या पठ्ठ्याने २३ बळी घेतले. त्याच दिवशी खांदा निखळलेला ख्रिस वोक्स एक हात बांधून फलंदाजीला उतरला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात जो तो सिराजसारखा धावत होता. आम्ही मुलांना वोक्सचीही गोष्ट सांगितली. समोरच्या संघातही बहाद्दर असतात, हे मुलांना लवकर कळलेले बरे.

जिंकल्यावर सिराज सगळ्यांचा झाला. हरल्यावर काय होते, ते मोहम्मद शमीला विचारावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. हरला संघ, शिव्या मात्र शमीला पडल्या. कर्णधार विराट कोहली तेव्हा उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे आम्ही विसरलेलो नाही. दोन वर्षांनी शमीने वर्ल्डकपमध्ये २४ बळी घेतले, वानखेडेवरच्या सेमीफायनलमध्ये ५७ धावांत ७. मग त्याच्यावर फुले पडली.

ही झाली एक बाजू. मार्च २०२५ मध्ये, रमजानच्या महिन्यात, तो पुन्हा दुबईतच चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल खेळत होता. सीमारेषेवर त्याने घोटभर पेय घेतले. कॅमेऱ्याने ते टिपले आणि या वेळी बोट उचलले आपल्याच माणसांनी. एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवले. घराघरांत मोबाईलवर तो फोटो फिरला. मुसाफिराला आणि आजाऱ्याला रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत सूरह बकरामध्ये दिलेली आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांना ती ठाऊक असते. तरीही फोटो पुढे पाठवताना बोट अडखळले नाही. रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. शमीने त्या दिवशी ४८ धावांत ३ बळी घेतले आणि भारत फायनलमध्ये गेला, हे मात्र फार थोड्यांना आठवते.

पेपर तपासणे हा आमचा रोजचा धंदा. त्यातला साधा नियम असा की, जो प्रश्न विचारला त्याच्याच उत्तराला गुण द्यायचे. मैदानावर खेळाडूला प्रश्न चेंडूचा असतो. त्याचे नाव, त्याचा रोजा, त्याचे राष्ट्रप्रेम हे त्या पेपरात नसते. तिथे आपण प्रेक्षक असतो, परीक्षक नव्हे.

‘चक दे! इंडिया’ आठवतो ना? २००७ चा सिनेमा, पण आमच्या घरात अजून जुना झालेला नाही. त्यातल्या कबीर खानला पाकिस्तानविरुद्ध हरल्यावर गद्दार ठरवतात. प्रत्यक्षात ज्याच्यावर अशीच वेळ आली, तो हॉकीचा गोलरक्षक मीररंजन नेगी. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या फायनलमध्ये भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला आणि नेगीवर तोच शिक्का बसला. म्हणजे नाव नेगी असले तरी सुटका नाही! पुढे त्या सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवली ती याच नेगीने.

‘मैदान’ हा सिनेमा २०२४ च्या ईदला आला. तो आम्हाला विशेष जवळचा वाटतो, कारण फुटबॉलचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मुळात हैदराबादचे शाळामास्तर. त्यांच्या संघाने १९६२ मध्ये जकार्ताला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून एशियाडचे सुवर्ण आणले. गोल केले पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी, गोल राखला पीटर थंगराजने. रहीमसाहेबांनी खेळ पाहिला, बाकी काही नाही. पुढच्याच वर्षी कॅन्सरने त्यांचा इंतकाल झाला.

आता मुलींकडे वळू. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्डकप जिंकला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे पाच बळी. त्याआधी सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जची नाबाद १२७ धावांची खेळी पाहताना आमच्या घरात जेवणाची ताटे तशीच राहिली. या संघाचे प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुजुमदार. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांवर धावा, पण भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नाही. स्वतःला जे मिळाले नाही ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना मिळवून दिले.

त्या रात्री आपल्या मोहल्ल्यातही टाळ्या वाजल्या, फटाके फुटले. पण आपल्या किती मुली मैदानावर आहेत? ‘इक्बाल’ सिनेमात मुक्या-बहिऱ्या भावाला गोलंदाज करण्यासाठी त्याची धाकटी बहीण खदिजा जिवाचे रान करते. सिनेमा पाहून सगळे इक्बालविषयी बोलतात. आम्हाला मात्र दर वेळी वाटते, खदिजालाच खेळायचे असते तर तिच्यामागे कोण धावले असते?

हा प्रश्न सिनेमापुरता नाही. आमच्या शाळेत खो-खोच्या संघात एक मुलगी होती. पळताना हाती लागायची नाही. आठवीत गेली आणि तिचे अब्बा येऊन म्हणाले, “मॅडम, आता पुरे. लोक बोलतात.” माणूस वाईट नाही, मुलीच्या फीसाठी ओव्हरटाइम करणारा आहे. मुलीने स्वतः काही म्हटले नाही. ती आता मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिते.

अशा वेळी आम्ही चार गोष्टी सांगतो. जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, तो भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. कपड्यांची काळजी असेल तर २०२३ च्या महिला फुटबॉल वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. निजामाबादची निखत जरीन बॉक्सिंगमध्ये दोनदा जगज्जेती झाली, आणि तिला मैदानाची वाट तिच्या वडिलांनीच दाखवली. शिवाय ठरावीक पातळीवर खेळले तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हिशेबी बापाला हे शेवटचे पटते.

लोक तर शमीलाही बोलले, सिराजलाही बोलले. लोकांचे बोलणे थांबायची वाट पाहिली तर आठवीतली मुलगी दहावीत जाते आणि तिचा खेळ कायमचा सुटतो. नव्या वर्षाच्या संघाची यादी जूनमध्ये होईल. तोवर त्या अब्बांशी आमचे आणखी दोन-तीनदा बोलणे व्हायचे आहे. तुमच्या घरात अशी एखादी धावणारी मुलगी असेल, तर तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना या आठवड्यात एकदा जरूर भेटा.