पठार राखायचे तर आधी मजुरी द्या

श्रावणात उन्हाची उघडीप मिळू लागली की साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन प्रकारची गर्दी लागते. एक फुले पाहायला येणाऱ्यांची. दुसरी संख्येने लहान, पण उत्साहाने मोठी: पठारासाठी काहीतरी करायला येणाऱ्यांची. त्यांत महाविद्यालयांची पथके असतात, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे गट असतात, निसर्गप्रेमी मंडळे असतात. सकाळी यायचे, हातमोजे घालून रस्त्याकडेचे प्लास्टिक वेचायचे, फलक धरून छायाचित्र काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, असा हा कार्यक्रम असतो. या मंडळींच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. मात्र निसर्गपर्यटन जसजसे वाढते आहे, तसतशी ‘स्वयंसेवेतून संवर्धन’ ही कल्पना शासनालाही सोयीची वाटू लागली आहे आणि संस्थांनाही. तिची किंमत कोण मोजतो, हे म्हणूनच तपासायला हवे. सातारा-सांगलीच्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे मांडता येते: राखणीचे रोजचे काम गावातल्या माणसांना रोख मजुरी देऊनच करून घ्यावे, आणि बाहेरच्या स्वयंसेवकांनी अशा कामाला हात घालावा, जे गावाला एकट्याने पेलत नाही.

आधी कास म्हणजे काय ते नीट पाहू. हा जांभ्या दगडाचा सडा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर. कातळावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाळ्याचे चार महिने तिच्यात पाणी तुंबलेले असते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी मोठे झाड तग धरत नाही. म्हणूनच गेंद, तेरडा, सोनकी यांना तिथे मोकळे रान मिळते. सीतेची आसवे या नावाची इवलीशी निळी-जांभळी वनस्पती तर ओल्या मातीतले सूक्ष्म जीव आपल्या फुग्यांत ओढून पचवते, कारण या मातीत तिला पुरेसे पोषण मिळत नाही. सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यांपैकी पहिल्या तिन्हींचा संबंध सातारा-सांगलीशी आहे. पण महसुली नजरेला असे सडे कायम पडीक दिसत आले. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागेही ‘तिथे काही उगवत नाही’ हा समज होताच. हौशी स्वयंसेवकाची पहिली इच्छा झाड लावण्याची असते. सड्यावर मात्र झाडासाठी खड्डा खणणे म्हणजे बोटभर मातीत शतकानुशतके जमलेले बियाणे उकरून टाकणे. सदिच्छेने नुकसान कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मग हे पठार राखते कोण? गर्दी वाढू लागली तेव्हा फुलांत गाड्या घालणे, ताटव्यात बसून डबे उघडणे, गठ्ठ्याने फुले तोडणे हे सर्रास चालले होते. त्यावर वन विभागाने कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेऊन शुल्क आकारणी सुरू केली, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली आणि आगाऊ नोंदणीची सोय केली. शुल्कातून गावातल्या मुलामुलींना हंगामी काम मिळाले. ते काम दिसायला साधे आहे. भर पावसात, धुक्यात, अंगावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन दिवसभर उभे राहायचे. ठरवलेल्या वाटेबाहेर पाय टाकणाऱ्याला शिट्टी मारून मागे बोलवायचे. गाड्या वाहनतळावर वळवायच्या. हुज्जत घालणाऱ्या पुढाऱ्याच्या पाहुण्यालाही तोच नियम सांगायचा. हे काम हंगामात रोजच्या रोज करावे लागते, मंगळवारी आणि बुधवारीसुद्धा. रविवारच्या स्वयंसेवकाकडून त्याची अपेक्षाच करता येत नाही. फुले ओसरल्यावर पुढचे काम सुरू होते. गवत वाळले की वणव्याची भीती. मग जाळरेषा काढायच्या, लांब कुठे धूर दिसला की झोडपायला फांद्या घेऊन धावायचे. या कामाचे छायाचित्र कुणी काढत नाही. ते ज्याच्या पोटापाण्याशी जोडलेले असते, तोच ते करतो.

कुंपणाचा वाद इथे मुद्दाम आठवला पाहिजे. गर्दी रोखण्यासाठी वन विभागाने पठाराला तारेचे कुंपण घातले, आणि त्यामुळे माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली. काही वर्षांनी गावकरी आणि काही वनस्पती अभ्यासक एकच तक्रार करू लागले: गवत माजते आहे आणि बुटक्या फुलांचे ताटवे विरळ होत आहेत. पिढ्यानपिढ्यांची चराई हा या पठाराच्या घडणीचाच भाग होता. गुरांनी गवत खाल्ले, तुडवले, शेण टाकले, तेव्हा खालच्या रोपांना ऊन मिळत होते, असे त्यांचे म्हणणे. अखेर कुंपण हटवण्याकडे आणि चराईला जागा देण्याकडे धोरण वळले. यातून दोन धडे मिळतात. पहिला, गुराख्याची माहिती ही अडाण्याची समजूत म्हणून बाजूला ठेवली तर निसर्गच किंमत मोजतो. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. फुले कमी झाली की नाहीत, झाली तर कुंपणाने, पावसाच्या लहरीने की पायांच्या रहदारीने, हे ठरवायला सबंध पठारावर वर्षानुवर्षे सलग केलेली मोजणी हाताशी लागते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचे तीन बहर नोंदवायलाच किमान चौदा वर्षांचा काळ हवा. एखाद्या संशोधकाचा प्रबंध तीन-चार वर्षांत संपतो, वनाधिकाऱ्याची बदली त्याहूनही लवकर होते. एवढी दीर्घ मोजणी करायची तर चिकाटीचे, शिकायला तयार असलेले आणि दर वर्षी परत येणारे लोक पाहिजेत. स्वयंसेवकाची जागा नेमकी इथे आहे.

घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, हीच विभागणी वेगळ्या वाटेने घडली आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी काढून खाल्ली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने घरट्यांचे संरक्षण हाती घेतले आणि २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. सुरुवात संस्थेने केली हे खरे. पण काम टिकले ते पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारा पर्यटक गावातच घरी उतरू लागला, गावच्या चुलीवरचे जेवला आणि त्याचा पैसा घराघरांत पोहोचला म्हणून. किनाऱ्यावर पहाटे गस्त घालणाऱ्या, घरटी शोधून अंडी सुरक्षित कुंपणात हलवणाऱ्या स्थानिक कासवमित्रांना वन विभाग मानधन देतो. म्हणजे कल्पना आणि शास्त्र बाहेरून आले, राखण आणि मिळकत गावाची झाली. पुढे किनारपट्टीवरच्या इतर गावांनीही हा मार्ग धरला. कासलाही बाहेरच्यांकडून घ्यायचे ते एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की श्रमदान हा तर आपल्या जिल्ह्यांचा अभिमान आहे, त्यात मजुरीची भाषा कशाला? २०१६ मध्ये पहिली वॉटर कप स्पर्धा कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने जिंकली, ती गावाने उन्हातान्हात घाम गाळून. त्याआधी खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा स्मृती धरण लोकांनी चळवळीतून उभे केले. सागरेश्वरचे अभयारण्य तर जिद्दीचा नमुनाच: उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. ही उदाहरणे मोठी आहेत, पण ती माझ्याच बाजूने बोलतात. वेळूच्या माणसाने खणलेल्या चरात अडलेले पाणी त्याच्याच विहिरीला लागणार होते. बळीराजा धरणाचे पाणी त्याच परिसरातल्या शेतीला मिळावे, यासाठीच तो लढा होता. ज्याचे श्रम त्याचेच फळ, असा तिथला हिशेब होता. कासच्या फुलांचा आनंद मात्र बाहेरचा घेतो. तिथे गावकऱ्याकडून फुकट राखणीची अपेक्षा करणे हे वेठीच्या जवळ जाते. आणि सागरेश्वरची दुसरी बाजूही विसरू नये. अभयारण्यातली हरणे वाढली, बाहेर पडू लागली, आणि आसपासच्या शेतकऱ्याच्या उसावर, भाजीपाल्यावर तुटून पडली. वनराई पाहून सगळ्यांनाच समाधान वाटले. नुकसान सोसले ते कुंपणालगतच्या सातबारावाल्याने.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गाव म्हणजे काही संतांचा मेळा नव्हे. कासच्या रस्त्याला दुतर्फा जी बेकायदा हॉटेले आणि रिसॉर्ट उभी राहिली, त्यांच्या जमिनी गावातल्याच कुणीतरी विकल्या किंवा भाड्याने दिल्या. समित्यांत भावकी असते, गट असतात. शुल्काचा पैसा कुणाच्या खिशात जातो यावर कुजबुज असते. मग गावाच्या हाती कारभार देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली नव्हे काय? हा धोका खराच आहे, पण त्यावर उपाय गावाला वगळणे हा नाही. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांचे नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे देण्यात आले; निर्णय ग्रामसभेपासून जितका लांब जातो, तितका तो भांडवलाला जवळ पडतो, ही भीती तिथे रास्तच आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे निर्णय ग्रामसभांपासून वर जावेत असे सुचवले होते, ते याच कारणाने. गावात पैसा येतो तेव्हा भांडणे होणारच. त्यावर उतारा म्हणजे उघडा हिशेब: किती तिकिटे फाटली, किती मजुरी कुणाला दिली, किती रक्कम शिल्लक राहिली, हे हंगाम संपताच ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि चावडीवर लावावे. ज्या माणसाची चार महिन्यांची मजुरी पठार सुस्थितीत राहण्यावर अवलंबून आहे, तोच शेजाऱ्याच्या बेकायदा रिसॉर्टविरुद्ध तोंड उघडण्याची शक्यता अधिक. ज्याला पठारापासून काही मिळत नाही, त्याच्यापुढे जमीन विकण्याखेरीज पर्याय तरी काय उरतो?

तिसरा आक्षेप शुल्काचा. मजुरी द्यायची तर तिकीट महागणार, आणि माण-खटाव, जत-आटपाडीच्या शाळकरी पोरांना आपल्याच जिल्ह्यातली किंवा शेजारची फुले परवडणार नाहीत. हे घडता कामा नये. पण त्यासाठी सगळ्यांना स्वस्त तिकीट देण्याची गरज नाही. शनिवार-रविवारचा दर चढा ठेवावा, आठवड्यातल्या दिवसांचा कमी ठेवावा, आणि शासकीय व जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सहली मोफत सोडाव्यात. मोठी गाडी घेऊन येणाऱ्याकडून जास्त घेण्यात काहीच गैर नाही. आणि स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यालाही त्याच्या गाडीचे, मुक्कामाचे आणि मार्गदर्शनाचे पैसे द्यायला हरकत नसावी. तोही पठारावर भार टाकतोच.

मग या उत्साही मंडळींनी करावे काय? भरपूर काही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कागदावर या नोंदवह्या भरल्या गेल्या असल्या तरी त्या जिवंत ठेवायच्या तर गुराख्याला, वैदूला, रानभाज्या विकणाऱ्या बाईला विचारून दर वर्षी नवी माहिती लिहावी लागते. शहरातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आणि कासाणीचा गुराखी यांनी मिळून हे करावे, नावे दोघांची यावीत. पठारावर कायमचे चौकोन आखावेत आणि दर वर्षी त्याच आठवड्यात त्याच चौकोनांतली रोपे मोजावीत. हे अशक्य नाही याचा पुरावाही आहे: भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत हौशी पक्षीनिरीक्षक पाणपक्ष्यांची गणना करत आले आहेत, आणि त्यातून तयार झालेली सलग माहिती कोणत्याही एका संस्थेला एकट्याने जमवता आली नसती. खटाव तालुक्यात मायणीसारखे पाणवठे आहेत, त्यांनाही अशीच सलग नजर लागते. महाविद्यालयांनी एका दिवसाचे स्वच्छता अभियान रद्द करून त्याजागी तीन वर्षांचा मोजणीचा वाटा घ्यावा. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीच्या निधीतून टी-शर्ट आणि फलक छापण्याऐवजी जाळरेषा काढणाऱ्यांची उन्हाळी मजुरी आणि त्यांचा अपघात विमा भरावा. आणि वन विभागाने एक साधा नियम करावा: पठारावर येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवी गटाला काय करायचे हे संयुक्त समितीने सांगावे, गटाने समितीला सांगू नये. हा नियम पाळायला ज्यांना कमीपणा वाटेल, त्यांनी पर्यटक म्हणून तिकीट काढून यावे. त्यांच्या पैशातून निदान एका राखणदाराचा रोज तरी सुटेल.